जुन्या कागदांचे राखणदार : दत्तात्रय बळवंत पारसनीस

पारसनीस हे आडनाव महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आढळते. ते नीट उच्चारून पाहा. त्यात तुमच्या ओळखीचे दोन शब्द दडलेले आहेत. एक फारसी आणि दुसरा नवीस. नवीस म्हणजे लिहिणारा, हे उर्दू शिकणाऱ्या मुलांना वेगळे सांगायला नको. फारसीनवीस या शब्दावरूनच पारसनीस हा शब्द तयार झाला. मराठ्यांच्या राज्यात दिल्लीच्या बादशाहाला, हैदराबादच्या निजामाला किंवा इतर दरबारांना फारसी भाषेत पत्रे लिहावी लागत. ते काम करणारा कारकून तो पारसनीस. फर्दनवीस याचा फडणीस झाला आणि चिठ्ठीनवीस याचा चिटणीस झाला, तसेच हे.

या आडनावाच्या एका गृहस्थांनी आपले सगळे आयुष्य जुनी पत्रे शोधण्यात, जपण्यात आणि छापण्यात घालवले. त्यांचे नाव दत्तात्रय बळवंत पारसनीस. ते इतिहास लिहीत, इतिहासाची मासिके चालवत आणि इतिहासाची पुस्तके प्रसिद्ध करत. आज मराठ्यांच्या इतिहासाचे कोणतेही मोठे पुस्तक उघडले, तर त्यात पारसनीसांनी छापलेल्या एखाद्या पत्राचा आधार हमखास सापडतो.

पारसनीसांचा जन्म २७ नोव्हेंबर १८७० रोजी झाला. त्यांचे आयुष्य साताऱ्यात गेले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले हे शहर एके काळी मराठ्यांची राजधानी होते. शाहू महाराजांची गादी येथेच होती. पुढे १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब वारले. त्यांना मुलगा नव्हता. त्यांनी घेतलेले दत्तक इंग्रजांनी मान्य केले नाही आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. खालसा करणे म्हणजे सरकारने ताब्यात घेणे. १८५७ च्या उठावात साताऱ्यातही हालचाल झाली. त्या वर्षी ८ सप्टेंबर रोजी शहराजवळच्या गेंडामाळावर सतरा जणांना ठार मारण्यात आले. पारसनीसांचा जन्म झाला तेव्हा या गोष्टीला फक्त तेरा वर्षे झाली होती. म्हणजे ज्यांनी हे सगळे डोळ्यांनी पाहिले होते, ती माणसे त्यांच्या लहानपणी गावात वावरत होती. पण त्या विषयावर मोठ्याने बोलण्याची कोणाची छाती नव्हती.

त्या काळात मराठ्यांचा इतिहास शिकायचा तर एकच मोठे पुस्तक हाताशी होते आणि तेही एका इंग्रजाने लिहिलेले. त्याचे नाव ग्रँट डफ. हा गोरा अधिकारी १८१८ नंतर काही वर्षे साताऱ्यातच कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. त्याने पुष्कळ कागदपत्रे पाहिली, लोकांना विचारले आणि १८२६ साली तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याची मेहनत मोठी होती, यात शंका नाही. पण जिंकणाऱ्याने हरलेल्याचा इतिहास लिहिला, तर त्यात काय राहून जाते हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने ग्रँट डफच्या चुका दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्रातील शिकलेल्या लोकांना जाग आली. १८७८ साली काशिनाथ नारायण साने आणि त्यांच्या मित्रांनी काव्येतिहाससंग्रह हे मासिक सुरू केले. त्यात जुन्या बखरी आणि पत्रे छापून येऊ लागली. ते मासिक सुमारे दहा वर्षे चालले आणि बंद पडले. पारसनीस याच वातावरणात वाढले.

त्यांचे शालेय शिक्षण फारसे पुढे गेले नाही. कॉलेजची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पण वाचनाची आणि लिहिण्याची ओढ इतकी होती की वयाच्या सतराव्या वर्षी, म्हणजे १८८७ साली, त्यांनी साताऱ्यात महाराष्ट्र कोकिळ नावाचे मासिक सुरू केले. सतरा वर्षांचा मुलगा आणि स्वतःचे मासिक! तुमच्यापेक्षा तो दोन-तीन वर्षांनीच मोठा होता. मासिक काढणे म्हणजे नुसते लिहिणे नव्हे. वर्गणीदार मिळवायचे, कागद विकत घ्यायचा, छापखान्याच्या मागे लागायचे, टपाल करायचे आणि वर्गणी थकली की पुन्हा पत्रे लिहायची. हे सगळे ते लहान वयात शिकले. पुढे त्याचा त्यांना फार उपयोग झाला.

त्यांचे नाव झाले ते मात्र एका चरित्रामुळे. १८९४ साली त्यांनी झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांचे चरित्र प्रसिद्ध केले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते.

झाशीची आणि साताऱ्याची कहाणी एकसारखीच आहे. झाशीचे राजे गंगाधरराव १८५३ साली वारले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी नात्यातला एक लहान मुलगा दत्तक घेतला. तोच दामोदरराव. डलहौसीने साताऱ्याप्रमाणे येथेही दत्तक नाकारले आणि १८५४ साली झाशी खालसा केली. राणीने अर्जांवर अर्ज केले. उपयोग झाला नाही. पुढे जून १८५७ मध्ये झाशीतील शिपायांनी उठाव केला आणि किल्ल्यात आश्रय घेतलेल्या इंग्रज स्त्री-पुरुषांची आणि मुलांची कत्तल झाली. इंग्रजांनी या कत्तलीचा दोष राणीच्या माथी मारला. त्यांच्या पुस्तकांत राणी म्हणजे क्रूर बाई असे चित्र रंगवले गेले. राणी १८५८ च्या जून महिन्यात ग्वाल्हेरजवळ लढता लढता पडली. तिची बाजू मांडायला ती उरली नव्हती.

मग तिची बाजू कोण मांडणार? दामोदरराव जिवंत होते. ते इंदूरला राहत होते. ज्याच्या नावाने सगळा वाद झाला, तो मुलगा आता पोक्त वयाचा गृहस्थ झाला होता. पारसनीसांनी त्यांच्याकडून माहिती मिळवली. राणीच्या नात्यातल्या आणि माहितीतल्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी जमा केल्या. इंग्रजी पुस्तके आणि सरकारी कागद वाचले. दामोदररावांजवळ एक महत्त्वाचे पत्र होते. मार्टिन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने ते १८८९ साली त्यांना लिहिले होते. झाशीच्या कत्तलीत राणीचा हात नव्हता, असे त्या इंग्रजाने स्वतःच त्यात कळवले होते. पारसनीसांनी ते पत्र आपल्या पुस्तकात छापले. इंग्रजांनी केलेल्या आरोपाला इंग्रजाच्याच पत्राने उत्तर मिळाले.

यात धोका नव्हता असे समजू नका. १८५७ चा विषय तेव्हा विस्तवासारखा होता. इंग्रजांचे राज्य भर जोरात होते. अशा वेळी सरकारशी लढलेल्या राणीचे चरित्र लिहायचे, तिच्यावरचा डाग पुसायचा आणि तरीही पुस्तक जप्त होणार नाही अशी भाषा वापरायची, ही तारेवरची कसरत होती. पारसनीसांनी ती केली. राणी मनाने इंग्रजांच्या विरुद्ध नव्हती, परिस्थितीने तिला लढाईत ओढले, असा त्यांच्या चरित्राचा रोख आहे. पुढच्या काळातील पुष्कळांना हे पटले नाही. हिंदीचे कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा हे झाशीकडचेच. त्यांनी १९४६ साली राणीवर प्रसिद्ध कादंबरी लिहिली. पारसनीसांच्या शोधाची किंमत त्यांनी मानली, पण राणी नाइलाजाने लढली हे मत त्यांना मान्य नव्हते. ती स्वराज्यासाठी लढली, असे त्यांच्या घरातील वडीलधारी माणसे सांगत आली होती. माझ्या मते या वादात वर्मांचे म्हणणे मनाला भिडते. पण वाद घालायला जे कागद लागतात ते पारसनीसांनी आधी गोळा केले होते, हेही विसरता येत नाही. दामोदरराव १९०६ साली वारले. त्यांच्या हयातीत हे काम झाले नसते, तर पुष्कळ माहिती त्यांच्याबरोबर गेली असती.

यानंतर पारसनीस थांबले नाहीत. बुंदेलखंडातील मराठ्यांचे पराक्रम, बायजाबाई शिंदे यांचे चरित्र, मराठ्यांचे आरमार अशी त्यांची पुस्तके एकामागून एक निघाली. आरमारावरील पुस्तक १९०४ चे. त्यात कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या वंशजांनी कोकणच्या समुद्रावर कसा दरारा बसवला, ते वाचायला मिळते. त्यांच्या दोन पुस्तकांचा मी येथे मुद्दाम उल्लेख करतो. एकाचे नाव मुसलमानी अमदानीतील मराठे सरदार. आदिलशाही आणि निजामशाहीत किती मराठा घराणी मोठ्या हुद्द्यांवर होती, त्यांना जहागिरी कशा मिळाल्या, याची त्यात हकीकत आहे. दुसरे पुस्तक अयोध्येचे नबाब. ते १८९९ साली निघाले. लखनौचे नबाब, त्यांचे वैभव आणि १८५६ साली इंग्रजांनी वाजिद अली शाह यांचे राज्य कसे घेतले, हा त्याचा विषय. सातारा गेले, झाशी गेली आणि अवधही गेले. साताऱ्यात बसून लखनौच्या नबाबांचा इतिहास मराठीत लिहावा असे या माणसाला वाटले, ही लहान गोष्ट नाही.

पण पुस्तकांपेक्षाही पारसनीसांचे मोठे काम म्हणजे दफ्तरांचा शोध. दफ्तर या शब्दाचा अर्थ तुमच्या पाठीवरच्या दप्तरापुरता घेऊ नका. जुन्या घराण्यांतील कागदपत्रांच्या साठ्याला दफ्तर म्हणत. हे कागद कापडात बांधून ठेवत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. अशा रुमालांत पत्रे, हिशेब, सनदा, तहनामे, यादी आणि कैफियती असत. कैफियत म्हणजे एखाद्या घराण्याची किंवा गावाची लेखी हकीकत.

पेशवाई १८१८ साली बुडाली. तिच्याबरोबर सरदारांचे दिवसही फिरले. वाडे ओस पडले. माळ्यावर टाकलेल्या रुमालांना वाळवी लागली, उंदरांनी घरे केली, पावसाचे पाणी शिरले. काही ठिकाणी जुने कागद रद्दीच्या भावाने विकले गेले आणि वाण्याच्या पुड्या बांधायला वापरले गेले. ज्या कागदावर कधी एखाद्या मोहिमेचा हुकूम लिहिला गेला असेल, त्यातून गूळ आणि हळद घरी आली. काहींना ते जपावेसे वाटत होते, पण ते दाखवायला घाबरत. त्याला कारणही तसेच होते. इंग्रजांनी इनाम कमिशन नेमले होते. ज्यांच्याकडे इनामी जमिनी होत्या त्यांच्या सनदा तपासून, पुरावा कमी पडला की जमीन सरकारजमा करायची, असे त्याचे काम. कित्येक घराणी त्यात धुळीला मिळाली. तेव्हापासून घरातील कागद परक्याच्या हाती देणे म्हणजे घात करून घेणे, अशी समजूत पसरली. त्यात १८५७ ची धास्ती होतीच. दारात कोणी कागद मागायला आला की लोक सरळ सांगत, आमच्याकडे काही नाही.

अशा लोकांकडून कागद मिळवायचे तर अंगी वेगळे गुण लागतात. पारसनीस बोलायला गोड होते. राहणी नीटनेटकी, वागणूक अदबीची. राजेरजवाड्यांच्या दरबारात कसे बसावे, घरातल्या वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे, कुठे घाई करू नये, हे त्यांना बरोबर कळे. आपल्याकडे ज्याला तहजीब म्हणतात ती त्यांच्याजवळ होती. एका भेटीत काम झाले नाही तर ते पुन्हा जात. हळूहळू माणसांचा विश्वास बसे आणि माळ्यावरचा रुमाल खाली येई.

त्यांना मिळालेला सर्वांत मोठा ठेवा म्हणजे मेणवलीचे दफ्तर. साताऱ्याच्या उत्तरेला वाई हे गाव आहे. तेथून जवळच कृष्णा नदीच्या काठी मेणवली आहे. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांनी तेथे मोठा वाडा आणि सुंदर घाट बांधला. घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. मराठ्यांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, तेव्हा आणलेल्या घंटांपैकी ती एक आहे. नानांनी अनेक वर्षे मराठी राज्याचा कारभार पाहिला. हिंदुस्थानातील प्रत्येक दरबारातून त्यांच्याकडे पत्रे येत. दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, ग्वाल्हेर, कलकत्ता, कोठे काय चालले आहे हे नानांना ठाऊक असे. त्यांतील पुष्कळ कागद मेणवलीच्या वाड्यात होते. नानांच्या वंशजांकडून पारसनीसांनी ते मिळवले. एका राज्याच्या शेवटच्या पन्नास वर्षांची जणू किल्लीच त्यांच्या हाती आली.

आता हे कागद वाचायचे कसे? ते मोडी लिपीत होते. तुम्ही नस्तालीक वाचता, पण कोणी भराभर शिकस्ता लिहिले तर अडखळता. बाळबोध आणि मोडी यांचे नाते काहीसे तसेच आहे. मोडीत लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे वळवत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. वाक्य कुठे संपले हे वाचणाऱ्याने ओळखायचे. त्यातून कागद फाटलेला, शाई उडालेली. एकेका पत्रावर डोळे फोडावे लागत.

आणखी एक अडचण होती आणि ती तुम्हाला मजेची वाटेल. या पत्रांवर तारखा कशा लिहिलेल्या असत, ते पाहा. पेशव्यांच्या कचेरीत बहुतेक कारकून ब्राह्मण होते. पण पत्रावर ते चंद्राची तारीख घालत. आधी छ हे अक्षर, मग आकडा, मग महिना. महिने कोणते? मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. उच्चार थोडे बदलले आहेत, पण महिने आपलेच. आणि साल? तेही अरबी शब्दांत. इसन्ने सबैन मया व अलफ असे लिहिलेले दिसले, की अरबी येणारा मुलगा लगेच सांगेल : इसन्ने म्हणजे दोन, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकूण ११७२. याला शुहूर सन म्हणत. हा सन हिजरीप्रमाणे चंद्रावर चालत नाही. तो मृग नक्षत्राला, म्हणजे जून महिन्याच्या सुरुवातीला, पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होतो. शेतीचा सारा वसूल करायला ते सोयीचे पडे. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो. ११७२ मध्ये ५९९ मिळवा, १७७१ आले. म्हणजे जून १७७१ पासून पुढचे वर्ष. जानेवारीनंतरची तारीख असेल तर ६०० मिळवायचे. पत्र नेमके कोणत्या दिवसाचे, हे ठरवल्याशिवाय इतिहास लिहिता येत नाही. त्यामुळे पारसनीसांसारख्या संशोधकांना हा हिशेब रोज करावा लागे.

मराठीच्या तासाला काही मुलांना वाटते की ही भाषा आपल्याला परकी आहे. त्यांनी पारसनीसांनी छापलेले एखादे पत्र जरूर पाहावे. वकील, हुजूर, तह, मसलत, सरंजाम, फौज, रवाना, जासूद, हकीकत, रोजकीर्द असे शब्द त्यांना ओळीओळीत भेटतील. रोजकीर्द म्हणजे रोजच्या कारभाराची नोंदवही. रोज आणि कर्द हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले.

ही कागदपत्रे नुसती साठवून पारसनीसांचे समाधान होत नव्हते. ती मोडीतून बाळबोधीत उतरवून छापायची आणि लोकांपुढे ठेवायची, हा त्यांचा ध्यास होता. प्रथम त्यांनी भारतवर्ष हे मासिक काढले. ते थोडाच काळ चालले. मग १९०८ साली इतिहाससंग्रह हे मासिक सुरू केले आणि ते १९१६ पर्यंत टिकवले. इतिहासाच्या जुन्या पत्रांचे मासिक आठ वर्षे चालवणे किती कठीण आहे, हे प्रकाशकांना विचारा. त्यात गोष्टी नाहीत, कविता नाहीत, चुटके नाहीत. वर्गणीदार मूठभर. तरीही अंक निघत राहिले.

इतिहाससंग्रहात आलेली पत्रे पुढे स्वतंत्र पुस्तकांच्या रूपाने बांधली गेली. दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे हे त्यांतील फार मोलाचे. पेशव्यांचे वकील हिंगणे दिल्लीला राहत. शाह आलम बादशाहाच्या दरबारात काय घडले, कोण कोणाच्या विरुद्ध फिरला, अन्नधान्य किती महाग झाले, हे सगळे ते नानांना पत्राने कळवत. लाल किल्ल्यातील बातमी पुण्यात पोहोचत असे. दिल्लीच्या त्या काळाचा इतिहास फारसी ग्रंथांत आहेच, पण तो पडताळून पाहायला ही मराठी पत्रे लागतात. महेश्वर दरबारची बातमीपत्रे हे दुसरे पुस्तक. त्यात अहिल्याबाई होळकरांच्या दरबारातील हालहवाल आहे. तंजावरच्या भोसले राजघराण्यावरही त्यांनी पुस्तक प्रसिद्ध केले. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी दूर तमिळ मुलखात जे राज्य स्थापन केले, त्याची माहिती यामुळे मराठी वाचकांना मिळाली.

पुण्याच्या सरकारी पेशवे दफ्तरात गणेश चिमणाजी वाड यांनी वर्षानुवर्षे बसून रोजकीर्दीतील उतारे नकलून काढले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना त्या कामाचे महत्त्व फार वाटे. वाडांच्या हयातीत ते छापून झाले नाही. पुढे त्यांचे खंड एकामागून एक प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या संपादनात पारसनीसांचा हात होता. मुंबईचे पुरुषोत्तम विश्राम मावजी यांच्याबरोबर त्यांनी सनदा, तह आणि कैफियती यांचेही खंड तयार केले. या कामात लढायांची वर्णने फारशी नाहीत. कोणत्या गावाला सारा माफ झाला, कोणत्या देवळाला किंवा दर्ग्याला नेमणूक होती, कोणत्या गुन्ह्याला काय शिक्षा झाली, अशी माहिती त्यात आहे. वाचायला रुक्ष वाटते. पण रयत कशी जगत होती, हे त्यातूनच कळते.

पारसनीसांचे सगळ्यांनी कौतुकच केले असे नाही. त्यांच्या काळातील दुसरे मोठे संशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. दोघांचे स्वभाव दोन टोकांचे. राजवाडे फकिरी वृत्तीचे, अंगावर साधे कपडे, पायी गावोगाव हिंडणारे, तोंडाने तिखट. इंग्रजीत लिहायचे नाही असा त्यांचा निर्धार. पारसनीस दरबारी वळणाचे, मऊ बोलणारे, इंग्रज अधिकाऱ्यांशी स्नेह ठेवणारे. पारसनीसांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचे चरित्र लिहिले. पहिल्या बाजीरावाचे हे गुरू. पारसनीसांनी त्यांना राजकारणातील मोठी व्यक्ती ठरवले. राजवाड्यांनी लगेच आपल्या खंडाच्या प्रस्तावनेत त्या मताचे वाभाडे काढले आणि स्वामींचे महत्त्व तितके नव्हते असे दाखवले. कागद जमा करणे वेगळे आणि त्यांचा अर्थ लावणे वेगळे, हे या वादातून दिसले. अर्थ लावण्यात राजवाडे पुष्कळ पुढे होते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. पारसनीसांजवळ इतका मोठा संग्रह आहे, पण तो ते इतरांना मोकळेपणाने पाहू देत नाहीत, असे संशोधक म्हणत. घराण्यांच्या माळ्यावर कुलपात असलेले कागद आता पारसनीसांच्या कपाटात कुलपात गेले, अशी ती भावना होती. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. तेथे कागद सर्वांसाठी असावेत अशी रीत पडू लागली. त्या रीतीपुढे पारसनीसांची पद्धत जुनी वाटू लागली. ही तक्रार मला खरी वाटते. मात्र ज्या घराण्यांनी त्यांच्यावर भरवसा ठेवून कागद दिले, त्यांचा विचारही त्यांना करावा लागत असेल.

इंग्रजांशी असलेल्या स्नेहाबद्दलही लोक त्यांना बोल लावत. १९१३ साली सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. इंग्रज अधिकारी चार्ल्स किंकेड यांच्याबरोबर त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. पहिला खंड १९१८ मध्ये आणि शेवटचा १९२५ मध्ये निघाला. साहित्य आणि माहिती बरीचशी पारसनीसांची, इंग्रजी लेखणी किंकेड यांची. ग्रँट डफनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी इंग्रजी वाचणाऱ्या जगाला मराठ्यांचा नवा, सलग इतिहास मिळाला आणि त्यावर एका मराठी माणसाचे नाव इंग्रजाच्या बरोबरीने छापले गेले. त्यांनी स्वतः सातारा, महाबळेश्वर आणि जुने पुणे यांवरही इंग्रजी पुस्तके काढली. त्यांत जुनी चित्रे हौसेने छापली आहेत. बंगालचे इतिहासकार जदुनाथ सरकार हे फारसी साधनांचे मोठे जाणकार. त्यांनी महाराष्ट्रातील संशोधकांवर लिहिताना पारसनीसांना मानाचे स्थान दिले आहे.

पारसनीसांचा साताऱ्यातील बंगला म्हणजे एक छोटे संग्रहालयच होते. मोडी रुमाल, हस्तलिखिते, जुनी चित्रे, नकाशे, दुर्मीळ इंग्रजी ग्रंथ यांनी तो भरलेला असे. आपल्यामागे या सगळ्याचे काय होणार, ही चिंता त्यांना उतारवयात लागली. घरातील कागद घरात राहिले की त्यांचे काय होते, हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यांनी खटपट केली आणि अखेरच्या वर्षांत साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले. खाजगी कपाटातील ठेवा सार्वजनिक झाला. पण ते सुख त्यांना फार दिवस लाभले नाही. ३१ मार्च १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. ते पंचावन्न वर्षांचे होते.

त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, १९३९ साली, हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. त्याच वर्षी ते कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले होते. मेणवलीच्या वाड्यातून निघालेले नाना फडणवीसांचे कागद अशा रीतीने साताऱ्यावरून पुण्याला पोहोचले. त्यांतील पुष्कळ रुमाल वाचून व्हायचे होते. मोडी येणारे विद्यार्थी ते सोडवायला बसले, आणि ज्या पत्रांवर फारसी मजकूर होता ती फारसी जाणणाऱ्यांकडे गेली.